ब्रेकचा रिकॉल आला की घाबरायचं का? हायब्रिडवाल्यांचे प्रश्न

मागच्या अंकात हायब्रिड गाड्यांच्या मायलेजवर लिहिलं होतं आणि त्यावर आलेली पत्रं मात्र जवळपास सगळी ब्रेकबद्दलची आहेत. ठाणे, नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, "हायब्रिडचे ब्रेक फेल होतात, कंपनीने लाखो गाड्या परत मागवल्या, ज्यांनी घेतलीय त्यांनी जपून," आणि बऱ्याच जणांनी तो जसाच्या तसा मला पाठवलाय. म्हणून यावेळी इन्शुरन्स, सीएनजी किट वगैरे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवते, आज फक्त ब्रेक आणि रिकॉल. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटलंय, त्यामुळे कुणाचंच छापत नाही.

प्रश्न : ताई, आम्ही दिवाळीत स्ट्राँग हायब्रिड घेतली. तो मेसेज आल्यापासून सासरे गाडीत बसायला तयार नाहीत, म्हणतात ब्रेकच कॉम्प्युटरवर चालतो तर भरवसा काय. मिस्टर म्हणतात आत्ता नवीन आहे तोवर विकून टाकू, नंतर कुणी घेणार नाही. खरंच इतकं धोक्याचं आहे का? (एक वाचक, कासारवडवली, ठाणे)

विकू नका. मेसेजमधलं लाखो गाड्यांचं ते खरं आहे, पण ते २०१० चं आहे, परदेशातलं आहे आणि त्यातलं महत्त्वाचं नेमकं मेसेजमधून गळलंय.

टोयोटाची तिसऱ्या पिढीची प्रियस मे २००९ मध्ये जपानमध्ये आली, जोरात विकली गेली, आणि काही महिन्यांतच जपान आणि अमेरिकेतून तक्रारी सुरू झाल्या की खड्ड्यावरून किंवा निसरड्या रस्त्यावरून हळू जाताना ब्रेक दाबलेला असतानाही गाडी क्षणभर सुटल्यासारखी वाटते. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे एनएचटीएसएने, फेब्रुवारी २०१० मध्ये चौकशी सुरू केली तेव्हा त्यांच्याकडे १२४ तक्रारी होत्या आणि त्यातल्या चारांमध्ये अपघात झाल्याचं लोकांनी लिहिलं होतं. ९ फेब्रुवारीला टोयोटाने प्रियस आणि तीच यंत्रणा असलेल्या सई, लेक्सस एचएस २५० एच अशा मिळून जगभरातल्या सुमारे ४ लाख ३७ हजार हायब्रिड गाड्यांचा रिकॉल जाहीर केला. पण पार्ट बदलायचाच नव्हता, एबीएसचं, म्हणजे जोराच्या ब्रेकला चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, सॉफ्टवेअर बदलायचं होतं.

आता सासऱ्यांच्या शंकेकडे येते, कारण ती शंका अगदी रास्त आहे आणि "बाबा, तुम्हाला नाही कळणार" असं म्हणून ती उडवून लावू नका. साध्या गाडीत पेडल दाबलं की ऑइलचा दाब चाकापर्यंत जातो, पॅड डिस्कला घासतात, गाडी थांबते. स्ट्राँग हायब्रिडमध्ये, म्हणजे इंजिनाबरोबर मोठी मोटर आणि बॅटरी असलेल्या गाडीत, दोन वेगवेगळे ब्रेक एकत्र काम करतात. तुम्ही हलका ब्रेक दाबला की आधी मोटर उलटं काम करायला लागते, जनरेटर बनते, गाडीचा वेग खाते आणि बॅटरी चार्ज करते, आणि पॅड फक्त उरलेलं काम करतात. जोरात दाबलं, किंवा गाडी अगदी हळू झाली, किंवा चाक घसरायला लागलं, की मोटर बाजूला होते आणि ऑइलचा ब्रेक सगळा भार घेतो. ही देवाणघेवाण दिवसातून शेकडो वेळा होते आणि तुम्हाला कळतही नाही, कारण कुणी किती भार घ्यायचा ते कंट्रोल युनिट ठरवतं आणि पायाखाली पेडल नेहमीसारखंच लागावं म्हणून वेगळी सोय केलेली असते.

प्रियसमध्ये घोटाळा झाला तो नेमका या देवाणघेवाणीत. चाक खड्ड्यात उतरलं की क्षणभर त्याची पकड सुटते, एबीएसला वाटतं चाक घसरतंय, मग मोटरचा ब्रेक काढून घेतला जातो आणि ऑइलचा ब्रेक पुढे येतो. दोघींनी उचललेला पाण्याचा हंडा एकीने सोडला आणि दुसरीचा हात अजून नीट बसला नाही, तर मध्ये जो हिसका बसतो तसं काहीसं. ब्रेक गेला नव्हता, पेडल अजून दाबलं की गाडी थांबत होती, पण ड्रायव्हरला वाटला तेवढा ब्रेक त्या क्षणी लागत नव्हता. आणि हा क्षण छोटा म्हणून सोडून देता येत नाही. ताशी २० किलोमीटरला गाडी सेकंदाला साडेपाच मीटर जाते, अर्धा सेकंद धरला तरी पावणेतीन मीटर. गायमुख घाटात पावसाळ्यानंतर गाड्या एकमेकींना चिकटून रांगत असतात, पुढे बाईकवाला, मध्ये खड्डा, तिथे पावणेतीन मीटर म्हणजे काय ते घोडबंदरवाल्यांना मी सांगायची गरज नाही. म्हणूनच तो रिकॉल योग्य होता असं माझं ठाम मत आहे.

मग एवढी दहशत का बसली? कारण ते सगळं एकापाठोपाठ येऊन आदळलं. त्याआधी जानेवारीत अडकणाऱ्या ॲक्सिलरेटर पेडलसाठी टोयोटाने अमेरिकेत सुमारे २३ लाख गाड्यांचा रिकॉल काढला होता, त्याच्याआधी फ्लोअर मॅट पेडलखाली अडकते म्हणून वेगळा रिकॉल होता. अमेरिकेचे तेव्हाचे वाहतूक मंत्री रे लाहूड ३ फेब्रुवारीला म्हणाले की गाडी चालवणं बंद करा आणि त्याच दिवशी त्यांनी ते मागे घेतलं, पण टीव्हीवर पहिलं वाक्यच फिरत राहिलं. लोकांच्या डोक्यात मॅट, ॲक्सिलरेटर, ब्रेक, हायब्रिड सगळं एक झालं. गाडी आपोआप पळत सुटते त्यामागे इलेक्ट्रॉनिक्सचा दोष आहे का हे बघायला तर नासाच्या इंजिनिअरना बोलावलं, फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांचा रिपोर्ट आला की असा दोष सापडला नाही, पण तोपर्यंत लोकांनी आपलं मत बनवून टाकलं होतं. रिपोर्ट कोण वाचतो?

आणि एक गोष्ट बघा. त्याच फेब्रुवारी २०१० मध्ये फोर्डनेही त्यांच्या फ्युजन आणि मर्क्युरी मिलान हायब्रिडच्या सुमारे १७,६०० गाड्यांचं ब्रेकचं सॉफ्टवेअर बदलायचं जाहीर केलं, तिथेही दोन ब्रेकांमधल्या अदलाबदलीचाच विषय होता, पेडल अचानक वेगळं लागायचं. ते आज कुणाला आठवतंय? म्हणजे लोकांची भीती दोषाच्या मापाने वाढत नाही, बातमीच्या मापाने वाढते.

आपल्याकडचं सांगते. ऑक्टोबर २०२२ मध्ये मारुतीने मागच्या ब्रेकच्या असेंब्लीतल्या एका पिनसाठी ९,९२५ गाड्या परत मागवल्या, त्या होत्या वॅगनआर, सेलेरिओ आणि इग्निस, हायब्रिड नव्हत्याच. आणि जानेवारी २०२३ मध्ये ग्रँड विटाराच्या ११,१७७ गाड्यांचा रिकॉल आला, हे मॉडेल हायब्रिडमध्येही मिळतं, पण तो होता मागच्या सीटबेल्टच्या ब्रॅकेटसाठी. "रिकॉल आणि हायब्रिड म्हणजे ब्रेकच" हे समीकरण आपल्याकडे असं जुळत नाही.

सासऱ्यांना एकदा सर्व्हिस सेंटरला घेऊन जा. त्यांच्यासमोर चॅसी नंबर टाकून गाडीवर कुठला रिकॉल बाकी आहे का ते बघायला सांगा आणि त्याची प्रिंट त्यांच्याच हातात द्या. कॉम्प्युटर बंद पडला तर काय, हेही त्यांना तिथेच विचारू दे. बहुतेक यंत्रणांमध्ये इलेक्ट्रॉनिक्स बंद पडलं तरी पेडलपासून चाकापर्यंत ऑइलचा थेट रस्ता उघडतो, फक्त पेडल कडक होतं आणि पाय जोरात दाबावा लागतो. हे माहीत असलेला माणूस त्या वेळी पाय काढत नाही, दाबून धरतो, म्हणून घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत हवं.

प्रश्न : माझी गाडी सिग्नलला थांबताना शेवटच्या काही फुटांत ब्रेक एकदम बदलल्यासारखा लागतो, आणि सायन-पनवेल हायवेला खड्ड्यावरून जाताना दोनतीनदा ब्रेक सुटल्यासारखा वाटला. सर्व्हिस सेंटरला दोन वेळा दाखवली, दोन्ही वेळेला तेच उत्तर, "हायब्रिडला असंच असतं, सवय होईल." खरंच असंच असतं का? (एक वाचक, नेरुळ)

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सर्व्हिस ॲडव्हायझरने दोन्हींना एकच उत्तर दिलंय, मला राग आला तो याचा.

पहिली, सिग्नलला शेवटच्या काही फुटांत बदल जाणवणं. अगदी कमी वेगाला मोटरचा ब्रेक कमी होत जातो आणि पॅड काम हातात घेतात, तेव्हा हलकासा फरक कळू शकतो. तो नेहमी साधारण त्याच वेगाला येत असेल, गाडी तुम्हाला हव्या त्या जागी थांबत असेल आणि डॅशबोर्डवर कुठलाही दिवा नसेल तर ते नॉर्मल धरा.

दुसरी, खड्ड्यावर ब्रेक सुटणं. याला "असंच असतं" हे उत्तर चालणार नाही. खड्ड्यात एबीएस क्षणभर जागं झालं तर पेडल पायाखाली थरथरतं, हे सगळ्याच गाड्यांत होतं. पण पेडल खाली गेलं, किंवा आधीपेक्षा लांबवर दाबावं लागायला लागलं, किंवा दाब तेवढाच ठेवूनही गाडी पुढे सरकली, तर ते तपासायलाच हवं. आणि सॉफ्टवेअर असेल असं आधीच धरून चालू नका. जून २०१३ मध्ये टोयोटाने सुमारे २ लाख ४२ हजार प्रियस आणि लेक्सस एचएस २५० एच परत मागवल्या, तिथे दोष लोखंडातला होता, ब्रेकचा दाब साठवणाऱ्या ॲक्युम्युलेटरला बारीक तडा जाऊन आतला नायट्रोजन ब्रेक ऑइलमध्ये गळायचा आणि पेडल हळूहळू जास्त खोल जायला लागायचं. त्यातल्याही एखाद्या मालकाला आधी "सवय होईल" असं सांगितलं गेलं असेल तर?

तुम्ही असं करा. वर्कशॉपला टेक्निशियनला बाजूला बसवून गाडी स्वतः चालवा, आणि ज्या खड्ड्यावर झालं त्याच खड्ड्यावर न्या, वर्कशॉपच्या गुळगुळीत आवारात काही कळणार नाही. परत आल्यावर जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या. "ब्रेक चेक" एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका. असं लिहायला लावा : "खड्ड्यावरून ताशी वीस-पंचवीसच्या वेगाला, पेडल दाबलेलं असताना ब्रेक क्षणभर कमी लागतो, पाऊस असो नसो." मग कंट्रोल युनिटमधले साठलेले दोषाचे कोड वाचायला सांगा आणि त्याची प्रिंट मागा. कोड निघाला नाही तर "कोड नाही" हेही लिहून घ्या. वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस फ्लोअरवर असताना मी हे कायम बघायचे, तोंडी सांगितलेली तक्रार संध्याकाळी गाडी बाहेर पडली की संपते, आणि कार्डवर लिहिलेली तक्रार कंपनीच्या सिस्टीममध्ये जाते. शंभर जणांच्या कार्डवर तीच ओळ आली तरच कंपनीच्या इंजिनिअरला कळतं की हा एका गाडीचा प्रश्न नाही. सॉफ्टवेअरमधला असा दोष गाडी वर उचलून बघितल्यावर दिसत नाही, तो लोकांनी नीट शब्दांत सांगितला तरच सापडतो, म्हणून तुम्ही दोनदा गेलात तसं तिसऱ्यांदाही जा.

प्रश्न : शोरूममधून फोन आला, "सर, तुमच्या गाडीला फ्री सॉफ्टवेअर अपडेट आहे, घेऊन या." कशाचं विचारलं तर म्हणाले परफॉर्मन्स चांगला होईल. मित्र म्हणतो हाच लपवलेला रिकॉल असतो. असं करतात का? (एक वाचक, खारघर)

प्रत्येक अपडेट म्हणजे लपवलेला दोष असं नाही, म्युझिक सिस्टीमपासून बॅटरीपर्यंत बरीच अपडेट येत असतात. पण मित्राची शंका निराधार नाही, आणि या अंकात मला सगळ्यात मनापासून जे सांगायचं आहे ते तुमच्या प्रश्नावर सांगते.

२०१० च्या प्रियस प्रकरणात लोक खरे कशाने बिथरले ते बघा. रिकॉलच्या काही दिवस आधी कंपनीने मान्य केलं की कारखान्यातून नव्याने निघणाऱ्या गाड्यांमध्ये जानेवारीपासूनच सॉफ्टवेअर बदललेलं आहे. म्हणजे नवीन गाडी घेणाऱ्याला सुधारलेला ब्रेक, आणि ज्याने आधी पैसे मोजले त्याला कुणी काही कळवलंच नाही. वर कंपनीचे अधिकारी पत्रकारांना सांगत होते की हा ड्रायव्हरला ब्रेक कसा जाणवतो त्याचा विषय आहे. जपानमध्ये जिथे या कंपनीवर लोकांचा घरच्यासारखा विश्वास, तिथेही लोक भडकले. शेवटी रिकॉल निघाला, आणि २४ फेब्रुवारीला टोयोटाचे अध्यक्ष अकिओ टोयोडा अमेरिकन संसदेच्या समितीसमोर बसून माफी मागत होते.

पुढे मार्च २०१४ मध्ये टोयोटाने अमेरिकन सरकारला १२० कोटी डॉलर भरले. ते प्रकरण ब्रेकचं नव्हतं, गाड्या आपोआप वेग घेतात त्या तक्रारींचं होतं, पण पैसे भरले ते गाडीत दोष होता एवढ्यासाठी नाहीत, त्या दोषाबद्दल ग्राहकांना दिशाभूल करणारी माहिती दिली यासाठी. हे लक्षात ठेवा. इतक्या सुट्या भागांच्या आणि इतक्या सॉफ्टवेअरच्या गाडीत चूक राहणार, ती जगातल्या सगळ्या कंपन्यांकडून राहते. ती कळल्यावर कंपनी पत्र पाठवून, चॅसी नंबर जाहीर करून, फुकट दुरुस्त करून देते का, एवढंच बघायचं. म्हणून मला ज्या कंपनीचे रिकॉल वेळेवर येतात तिची भीती वाटत नाही. वर्षानुवर्षं एकही रिकॉल नाही आणि सर्व्हिसला गेल्यावर न विचारता काहीतरी बदलून देतात, तिथे मला जास्त काळजी वाटते.

आपण लोक मात्र उलटं वागतो. रिकॉल जाहीर झाला की गाडी "डागी" झाली म्हणतो, बाजारात भाव पाडतो, नातेवाईक विचारतात "अरे तीच का ती परत मागवलेली?" आणि मग कंपन्यांनाही वाटतं की गुपचूप केलेलं बरं. हे आपल्यालाच महागात पडतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर अपडेट करून घ्या, नाही म्हणू नका. पण आधी तीन गोष्टी लेखी मागा : अपडेट कुठल्या कंट्रोल युनिटचं आहे, आधीचं आणि नंतरचं व्हर्जन काय, आणि त्याचा सर्व्हिस बुलेटिन किंवा कॅम्पेन नंबर काय. ब्रेकच्या युनिटचं असेल तर कारण विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. व्हॉट्सॲपवर विचारा, म्हणजे उत्तर आपोआप लेखी येतं.

प्रश्न : भारतात रिकॉल कंपनीच्या मर्जीवर असतो की कायदा आहे? आणि कंपनीने ऐकलंच नाही तर आपल्यासारख्याने कुठे जायचं? (एक वाचक, ऐरोली)

आधी मर्जीवरच होता. २०१२ मध्ये वाहन उत्पादकांच्या संघटनेने, म्हणजे सिआमने, स्वतःहून रिकॉल करायची आचारसंहिता आणली, आणि आपल्याकडचे बरेचसे रिकॉल त्याखाली निघाले. त्यांच्या वेबसाइटवर रिकॉलची माहिती बघता येते. मग २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ११० अ आलं, त्याने सरकारला रिकॉलचा आदेश द्यायचा अधिकार मिळाला. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. सात वर्षांपर्यंतच्या गाड्या त्यात येतात, ठरावीक संख्येने तक्रारी आल्या की चौकशी होऊ शकते, आणि कंपनीने स्वतःहून रिकॉल केला नाही आणि सरकारला तो करायला लावावा लागला तर दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे. दुरुस्त करून देणं, गाडी बदलून देणं किंवा पैसे परत देणं हे सगळं त्या कलमात आहे, आणि खर्च कंपनीचा.

"ठरावीक संख्येने तक्रारी" इथेच गाडी अडते, कारण आपण तक्रार सोसायटीच्या ग्रुपवर करतो आणि जिथे ती मोजली जाते तिथे करत नाही. कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा, तक्रार नंबर घ्या, परिवहन मंत्रालयाच्या पोर्टलवर नोंदवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. तरीही काही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, गाडीसाठी मोजलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर तिथेच चालतं. दोन वर्षांची मुदत असते, ती चुकवू नका. आणि तिथे तुमच्या बाजूने बोलणारा एकच कागद असेल, वर नेरुळच्या वाचकांना सांगितलेलं जॉब कार्ड.

प्रश्न : सेकंडहँड हायब्रिड बघतोय, सौदा होत आलाय. एजंट म्हणतो रिकॉल होता पण काम झालंय. विश्वास ठेवू का? घ्यावी की नको अशी गाडी? (एक वाचक, कोपरी, ठाणे)

रिकॉल होऊन गेलेली आणि काम झालेली गाडी बिनधास्त घ्या, तिच्यात निदान एक गोष्ट तपासलेली आहे. एजंटच्या शब्दावर मात्र घेऊ नका. आरसीवरचा चॅसी नंबर घ्या, काचेखाली किंवा दाराच्या खांबावर कोरलेल्या नंबरशी जुळवा, आणि त्या ब्रँडच्या कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊन बाकी असलेला रिकॉल विचारा. बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवरही नंबर टाकून दिसतं. काम बाकी असेल तर दुसऱ्या मालकालाही ते फुकट करून मिळतं, त्यासाठी पहिल्या मालकाची सही लागत नाही. गाडी तुमच्या नावावर झाली की सर्व्हिस सेंटरमध्ये तुमचा मोबाइल नंबर आणि पत्ता बदलून घ्या. आरटीओत ट्रान्सफर झाली म्हणजे कंपनीच्या यादीतही झाली असं होत नाही, आणि मग रिकॉलचं पत्र जातं जुन्या मालकाच्या जुन्या घरी.

प्रश्न : आमची गाडी "स्मार्ट हायब्रिड" आहे. तिलाही हेच सगळं लागू का? (एक वाचक, वाशी)

नाही. स्मार्ट किंवा माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनला हातभार लावते, थोडी वीज परत मिळवते, पण ब्रेक साध्या पेट्रोल गाडीसारखेच असतात. वरचं सगळं स्ट्राँग हायब्रिडचं आहे. ग्रुपवरच्या मेसेजमध्ये दोन्हींना एकच हायब्रिड म्हटलंय, त्यामुळे ज्यांचा काही संबंध नाही ते पण घाबरलेत.

प्रश्न : पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी होती, डिस्कवर तांबूस गंज आलाय आणि सकाळी ब्रेक दाबला की खर्रर्र आवाज येतो. हे पण रिकॉलचंच का? (एक वाचक, सीवूड्स)

नाही, हे खाडीकाठच्या हवेचं आहे. पण स्ट्राँग हायब्रिडमध्ये थोडं जास्त लक्ष द्या. रोजचं बरंचसं काम मोटर करते म्हणून पॅड कमी घासतात, आणि कमी घासतात म्हणून डिस्कवरचा गंज साध्या गाडीइतका पटकन निघत नाही. पाम बीच रोडला सकाळी मागे कुणी नाही बघून चारदोनदा जरा ठाम ब्रेक मारा, आवाज जायला हवा. नाही गेला तर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना साफ करून ग्रीस करायला सांगा. "पॅड अजून भरपूर आहेत" म्हणून हायब्रिडवाले ब्रेकचं काम पुढे ढकलत राहतात, आणि पिना आत जाम होतात. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी ओढतं, पॅड कितीही शिल्लक असले तरी.

प्रश्न : वय सत्तरच्या पुढे. आयुष्यभर फियाट, मग मारुती चालवली, निसरड्यावर ब्रेक पंप करत मारायची सवय आहे. मुलाने हायब्रिड घेऊन दिलीय. रिकॉलचं ऐकल्यापासून मी आणखीच पंप करतो, म्हणजे ब्रेक चुकला तर दुसऱ्यांदा तरी लागेल. बरोबर आहे का? (एक ज्येष्ठ वाचक, पाचपाखाडी, ठाणे)

काका, ही सवय तुमच्या फियाटसाठी बरोबर होती, एबीएस नसलेल्या गाडीत चाक लॉक होऊ नये म्हणून सगळे चांगले ड्रायव्हर तसंच करायचे. या गाडीत नका करू. एबीएस हेच काम तुमच्या पायापेक्षा कितीतरी पटीने वेगात करतं. हायब्रिडमध्ये तर तुम्ही पाय उचलला की मोटरचा आणि ऑइलचा असे दोन्ही ब्रेक सोडले जातात आणि परत दाबल्यावर त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, म्हणजे अंतर वाढतं. जोरात दाबायचा आणि गाडी थांबेपर्यंत पाय तसाच ठेवायचा. पेडल थरथरेल, खडखड आवाज येईल, तरी पाय काढायचा नाही.

मुलाला घेऊन रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या मैदानावर किंवा रिकाम्या पार्किंगमध्ये जा आणि ताशी तीसच्या वेगाला पूर्ण ब्रेक मारून बघा, जमीन ओली असेल तर आणखी बरं. पायाला एकदा ती थरथर ओळखीची झाली की रस्त्यात दचकायला होत नाही. डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा आला तर मात्र गाडी बाजूला घ्या आणि टो करूनच न्या, पिवळा आला तर हळू चालवत त्याच दिवशी सर्व्हिस सेंटर. आणि माजिवड्याच्या पुलाखाली मागचा कितीही हॉर्न मारू दे, पुढच्या गाडीपासून तुमचं नेहमीचं अंतर सोडू नका.